हे मी वाचलं आहे

४ फेब्रुवारी

आज पहिलंच गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं. चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई. म्हणाली, "काहीतरी सुचवा." मी म्हटलं, "सगळीच चांगली आहेत, कुठलंही घ्या." तिने असं पाहिलं, जणू मी औषधाच्या दुकानात बसून सगळ्याच गोळ्या चांगल्या म्हणतोय. चष्मा नाकावर आणला, मला नीट बघून घेतलं आणि गेली.

दादा असता तर — पण दादा आहे की! घरी, मागच्या खोलीत, खाटेवर. झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात. धाकटा भाऊ म्हणजे मी, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. गोष्टींची पुस्तकं म्हणजे खोट्या माणसांच्या खोट्या भानगडी, खऱ्या काय कमी आहेत, असं दादाला तोंडावर म्हणायचो. तो नुसता हसायचा.

गल्ल्याशेजारी त्याची फळी आहे. वर त्याच्याच अक्षरात पाटी — 'हे मी वाचलं आहे'. दुकानातलं काहीही विकावं, पण सुचवायचं ते या फळीवरचंच, हा त्याचा नियम. लोक यायचे ते या फळीपायी. त्याच्या आजारपणात ती रिकामी झाली. एकच पुस्तक उरलंय. खुनाची गोष्ट, विटेएवढी जाड.

७ फेब्रुवारी

वाचा-उपचाराच्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, त्यांच्याशी बोलत राहा. किती समजतं ते सांगता येत नाही. कदाचित सगळं, कदाचित नुसता आवाज.

वहिनी त्यांना सोडायला दारापर्यंत गेली. मला वाटतं तिने मुद्दाम तिथे गाठलं. "अहो, मी आहे एवढं तरी कळतं का यांना? की मी भिंतीशी बोलते?" बाईंनी चपला घातल्या. वहिनी तशीच स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली.

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी दादापाशी बसायचं असं ठरलं. बसलो. लिफ्टबद्दल बोललो. केबल, मोटर, दोन मजल्यांमध्ये अडकलेली नवरी. विषय संपला. मग ती वीट उचलली. मला मनात वाचता येत नाही, ओळी निसटतात. मोठ्याने वाचावं लागतं. म्हणजे दादाशी बोलणंही होईल आणि फळीची सोयही.

१० फेब्रुवारी

नदीवरची जुनी बोट. एक सावकार मरून पडलाय आणि बोटीवर माणसं मोजकीच. मी ताडलं — खानसामा! त्याच्याकडे सुरी, त्याच्याकडे किल्ल्या, आणि बोलायला साखर. दोन पानं उलटली तर खानसामाही मेला.

"तुला माहीत होतं," मी दादाला म्हटलं. "तू हे आधी वाचलंयस आणि मला गाढव होऊ दिलंस." दादाचे डोळे छताला.

१३ फेब्रुवारी

संपलं. मी सुन्न. खुनी कोण ते इथेसुद्धा लिहीत नाही. सगळं पहिल्याच प्रकरणात सांगितलेलं होतं! लेखकाने पुरावा माझ्या हातात दिला, मी तो खिशात घातला आणि अख्खी बोट शोधत फिरलो. आयुष्यभर मोटरचा दोष नुसत्या आवाजावरून सांगणारा मी! परत पहिलं पान काढून वाचलं. आहे. तिथेच आहे. हे करणाऱ्याचं डोकं कसलं असेल?

१५ फेब्रुवारी

घोटाळा केला. टॅक्सीवाला आला, दादाचा जुना वाचक. मला राहवेना. म्हटलं, "हे घ्याच. काय पुस्तक! तो डॉक्टर सगळ्यांची नाडी बघत फिरतो ना, तोच खुनी निघतो. विश्वास बसेल?"

त्याने पुस्तक अलगद गल्ल्यावर ठेवलं. "काका, आता मी याचं काय करू? उशाला घेऊ?"

घरी वहिनीला सांगितलं तर ती भिंतीला टेकून हसली. किती महिन्यांनी हसली. म्हणाली, "भाऊजी, शेवट सांगणाऱ्याला तर हे दुकानाबाहेर काढायचे." मग म्हणाली, दादा गिऱ्हाइकाला काय आवडतं ते विचारायचाच नाही. कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंत, ते विचारायचा. आवडीबद्दल लोक थापा मारतात, टाकलेल्याबद्दल खरं बोलतात. मी म्हटलं, "तुम्हाला बरंच ठाऊक आहे की. मग कधी वाचलं का नाहीत?" ती म्हणाली, "सवतीच त्या माझ्या. सवतींना कोण हौसेने घरात घेतं?"

२१ फेब्रुवारी

भुताची गोष्ट. लिफ्ट अशा मजल्यावर थांबते की जो बाहेरून मोजला तर इमारतीत नाहीच. मी हसलो. दादाला म्हटलं, ब्रेक झिजलाय, दुसरं काही नाही, लेखकाला कुणीतरी मेकॅनिक दाखवा.

संध्याकाळी जुन्या साहेबांकडे जायचं होतं, सहाव्या मजल्यावर. जिन्याने गेलो.

लिफ्टच्या शाफ्टमध्ये अंधारात लोंबकळत डबा खाल्लेला माणूस मी. नुसती कागदावरची शाई ती! पुस्तक फळीवर ठेवलं. शेवट कुणाला सांगितला नाही.

२८ फेब्रुवारी

आता विज्ञानकथा. नाव घेतलं तरी जांभई यायची. पण ऐक — (कुणाला सांगतोय मी? वहीला.) एक यान निघालंय. निघालेले सगळे म्हातारे होऊन मेले, त्यांची नातवंडंही मेली. आताच्या पोरांनी जमीन पाहिलेली नाही. एका आजीकडे मातीचा सुपारीएवढा गोळा आहे. पोर दहा वर्षांचं झालं की ती ओल्या बोटाने त्याला वास घ्यायला देते. एकदाच.

पुस्तक मिटलं आणि बाहेरच्या कुंडीतली चिमूटभर माती ओली करून हुंगली. साठ वर्षं हीच तुडवत आलो. थोडी दादाच्या नाकापाशी धरली. त्याने श्वास घेतला. पण श्वास काय, तो घेतोच. वहिनी दारातून बघत होती. "भाऊजी, चादरीवर सांडू नका."

५ मार्च

विनोदी. एका कुटुंबाला कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचंय. बस, अख्खी कादंबरी एवढीच! दुसऱ्या मजल्यावर कपाट अडकतं, आत मामा. मला वाचवेना. पोट धरून हसलो, डोळ्यांतून पाणी, चष्मा खाली. अशा जागी मी स्वतः चार वेळा अडकलोय, तेव्हा अजिबात हसू आलं नव्हतं. लिहिणाऱ्याने असं काय केलं की तीच अडचण गंमत झाली?

वहिनी धावत आली. "हे हसले?"

"नाही. मी."

ती थोडी उभी राहिली. मग गेली. पुढचं प्रकरण वाचलं, पण मजा आली नाही.

९ मार्च

उपचाराच्या बाई येऊन गेल्या. चित्रं दाखवली, कप, किल्ली, गाय. दादाने एकाकडेही पाहिलं नाही. बाई वाईट बोलल्या नाहीत. "आशा सोडू नका, पण वाट बघत बसू नका," एवढंच.

वहिनी आता त्याच्याशी बोलत नाही. आधी भरवताना भाजीच्या भावापासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगायची. आज गप्प. चमचा, तोंड पुसणं, चमचा. मी म्हटलं, "वहिनी, बोला ना." म्हणाली, "थकले हो. तुम्ही वाचताय ना, तेवढं पुरे." तिला काय सांगणार? मलाच माहीत नाही मी कुणाला वाचून दाखवतोय.

१२ मार्च

इतिहास म्हणजे राजे आणि सनावळ्या, त्यात मी शाळेत नापास. ही ऐतिहासिक कादंबरी मात्र सैन्याबरोबर चालणाऱ्या, जोडे शिवणाऱ्या माणसाची. त्याला लढाई दिसत नाही. संध्याकाळी टाके घालायला किती जोडे आले आणि किती आलेच नाहीत, त्यावरून तो समजतो. एका सकाळी ओळखीचा जोडा येतो, भलत्याच्या पायात.

इथे थांबलो. पाणी प्यालो. दादा हे सगळं डोक्यात घेऊन रोज माझ्यासमोर जेवत होता आणि मी त्याला विचारायचो, आज धंदा किती झाला. मला आज भावाचाच धाक वाटला. एवढी माणसं त्याच्या आत राहत होती!

१४ मार्च

चष्मेवाली परत आली! विचारलं, "कुठलं अर्धवट टाकलंत?" ती चपापली. मग म्हणाली, एक प्रेमकथा. दोघं फारच सुंदर होती, कंटाळा आला. तिला जोडेवाल्याची दिली. म्हटलं, यात कुणी सुंदर नाही. ती हसली, घेऊन गेली. दुकानात मी एकटाच, तरी ताठ उभा राहिलो.

प्रेमकथा मात्र फळीवर नाही. वाचलीच नाही तर ठेवू कशी? माझं लग्न झालं नाही, मला त्यातलं काय कळणार. पण नियम तो नियम.

१९ मार्च

सुरू केली. नावाडी आणि त्याची बायको, दोघं म्हातारी. पन्नास पानं झाली तरी एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. जाळं कुठंय, मीठ संपलं. आणि तरी मला सारखं वाटतंय की काहीतरी होणार. काही न घडता छाती कशी भरून येते? खुनाच्या गोष्टीत सहा मेले, तेव्हा इतकं झालं नव्हतं.

२२ मार्च

वाचताना चष्मा पुसावा लागतो. दुपारी दोनदा थांबलो. दादा छताकडे. वहिनी आत तांदूळ निवडत होती. म्हटलं, "या ना बसायला." "कामं पडलीत," म्हणाली.

२३ मार्च

नावाड्याची बायको दिवसभर राबून पडलीय. तिला झोप लागली असं समजून तो तिचे पाय चेपत बसतो आणि बोलायला लागतो — जन्मभर न बोललेलं. ती जागी आहे. डोळे मिटून सगळं ऐकतेय. एवढं वाचलं आणि पानावर हात आला. दादाचा डावा हात. मला वाटलं चुकून पडला. बाजूला केला, परत ठेवला त्याने. घट्ट. पुढची ओळ दिसू देईना. मग तोच हात उचलून स्वयंपाकघराच्या दाराकडे केला. मी हाक मारली. वहिनी ओल्या हातांनी आली, काय झालं म्हणून घाबरलेली. दादाने खाटेच्या कडेवर थोपटलं — इथे बस — आणि हात परत पानावर ठेवला. ती बसली. तो तिच्याकडे बघत होता. मग त्याने पानावरचा हात काढला.

मी वाचणार तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊजी, पहिल्या पानापासून वाचाल?"