आईच्या कपाळावरचे शंभर मेगापिक्सेल

३ नोव्हेंबर, सोमवार

दिगू आईचा प्रिंट घेऊन आला. आडवा करून दारातून आत घ्यावा लागला. भिंतीला टेकवला तर खुर्चीतल्या आईपेक्षा फोटोतली आई मोठी. प्रदर्शनात पहिला हाच लावायचा म्हणतो. हैदराबादेतल्या मराठी घरांतली म्हातारी माणसं, माणसाएवढी. फोटो दि.चे, खालचा मजकूर माझा. तारनाक्याचा हॉल २३ पासून महिनाअखेरपर्यंत ठरलाय.

नीलिमा म्हणाली, "छान आहे. पण यासाठी गाडी विकायची होती?" दि.बरोबर अर्ध्या भागीत शंभर मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा घेतल्यापासून मी मेट्रोचा प्रवासी आणि बायको माझी टीकाकार. दि. तेव्हा म्हणाला होता, "लेखकू, एवढ्या प्रिंटमध्ये भुवईचा केस न् केस सुटा दिसेल." मी विचारलं, बघायला कोण येणार, न्हावी? आणि तरी पैसे दिले. कॉलेजपासूनचा मित्र. त्याला नाही म्हणायची सवयच नाही मला.

५ नोव्हें.

सकाळच्या उजेडात नीट पाहिला. आईच्या कपाळावर लाल टिकली.

आई टिकली लावत नाही. बाबा गेल्यापासून नाही. आहे ते गोंदण. भुवयांमध्ये हिरवा ठिपका, लहानपणी गावच्या जत्रेत टोचलेला. कुंकू गेलं, तो राहिला. शंभर मेगापिक्सेलला हिरवं-लाल कळू नये?

मग भुवया पाहिल्या. सुटे केस कुठले, ब्रशने ओढल्यासारख्या. गाल मेणाचे. परवापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाच फोटो कौतुकाने दाखवतोय मी.

दि.ला फोन. "लॅबवाल्याचं काहीतरी झालं असेल." बरं, मूळ फाइल पाठव. "परसोंच पाठवली की."

७ नोव्हें.

नीलिमाने परवाचे सगळे मेल उपसले. पुण्याची ती. इतकी वर्षं इथं काढून अजून तिला परसों म्हणजे परवा वाटतं. हैदराबादी माणसाला काल सोडून मागचा कुठलाही दिवस परसोंच. निजामाचं राज्यसुद्धा परसोंच गेलं. दि.चे आजोबा उदगीरकडून आले, पण जीभ केव्हाच इथली झाली.

फाइल नाही. कुठल्याच परसोंची नाही.

९ नोव्हें., रविवार

कोठीला लॅबमध्ये गेलो. मालक भला माणूस, चहा मागवला. म्हणे, "सार, फोन का फोटो भेजे उनो. बडा करने का सॉफ्टवेअर डाल के बडा करे." आणि कपाळावरचं लाल? "अम्मा का बोट्टू फीका दिख रा था. मैंइच ठीक कर दिया." तेलुगू माणूस, त्याच्या लेखी कपाळावर ठिपका म्हणजे बोट्टू, आणि फिकट बोट्टू म्हणजे काम अर्धवट. प्रेमाने केलं त्याने. त्याचे जास्तीचे पैसेही घेतले नाहीत म्हणाला. थँक्यू म्हणून आलो.

फोनचा फोटो.

११ नोव्हें.

दिलसुखनगर. दि.चा स्टुडिओ कोचिंग क्लासच्या वर, जिन्यात पोरं सूत्रं घोकत बसलेली. दि. लेन्स पुसत होता, वर पाहिलंच नाही.

"फोनने काढलास?"

"कॅमेरा त्या दिवशी लग्नाला गेला होता. भाड्याने."

"आपला कॅमेरा."

"हौ, आपला. माझ्या अर्ध्याचे हप्ते तुझे लेख भरतात का?"

मी म्हणालो, दुसऱ्या दिवशी काढायचास, आई कुठे पळून जात नव्हती. मग वर पाहिलं त्याने. "तुला फरक कळला का? दोन दिवस नाचवत होतास फोटो. टिकली लाल झाली म्हणून पकडलास. हिरवी असती तर?"

मेल्याने नेमकं तिथंच मारलं. गाडी विकून घेतलेला फरक मला दिसला नाही. पण दिसला नाही म्हणून फसवायचं? आंधळ्याला खोटी नोट दिली तर ती खरी होते का?

१२ नोव्हें.

दि.ला मेसेज: माझा मजकूर आणि माझी आई, दोन्ही प्रदर्शनातून काढ. उत्तर म्हणून अंगठा. इतक्या वर्षांच्या मैत्रीला निरक्षरासारखा अंगठा.

१६ नोव्हें., रविवार

आज आईला सांगितलं. दिगूने तुला फसवलं, कॅमेरा न आणता फोनवर भागवलं.

आई शेंगा सोलत होती. "कॅमेरा होता की. पिशवीत."

"कुठे होता? लग्नाला गेला होता तो."

"पिशवीत होता. मीच नक्को म्हटलं. ते नळकांडं तोंडासमोर धरलं की दवाखान्यात बसल्यागत होतंय. म्हटलं दिग्या, फोननी काढ."

"मग तो लग्नाचं का सांगतो?"

"म्हणत असंल." प्रिंटकडे बघत, "कपाळ बदलू नको. बरं दिसतंय."

आई, ती चूक आहे, लॅबवाल्याला वाटलं... "मला कळतंय काय हाय ते. तू बायकांच्या कपाळावर पेपरात लेख लिहितोस. माझ्या कपाळाचं कुणी विचारलं?"

शेंगांची टरफलं गोळा करून मी आत गेलो.

१८ नोव्हें.

दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय. तिने नको म्हटलं हे झाकायला त्याने लग्न काढलं, किंवा त्याला वाचवायला तिने पिशवी काढली. लग्नवाल्यांना एक फोन केला तर कळेल. नंबर आहे. केला नाही.

दुपारी दि.चा फोन आला. मला नाही, आईला. स्वयंपाकघरातून ऐकू आलं: "हौ रे, सांगितलं त्याला." आणि हसली. पुष्कळ दिवसांनी अशी हसली.

म्हणजे माझ्या घरात माझ्याविरुद्ध कट, आणि त्यातली एक फितूर माझीच भाकरी खाते. ही गंमत लेखात छान दिसली असती.

२१ नोव्हें.

मजकूर पाठवला. बाकीच्या म्हाताऱ्यांनी काय घोडं मारलंय. आईचा फोटोही राहू दे म्हटलं, तिला बरा दिसतोय; त्याखालचा मजकूर मात्र नाही दिला. दि.ने निमंत्रणावर छापलंय: सर्व छायाचित्रे मीडियम फॉरमॅटवर. सर्व.

नीलिमा म्हणते, माफ कर किंवा भांड, पण घरात हे तोंड घेऊन फिरू नको.

२३ नोव्हें., रविवार

प्रदर्शन. गर्दी बरी. पोरं मराठी वाचत नाहीत, माझा मजकूर वडिलांकडून वाचून घेत होती. दि. आणि मी एकमेकांना ओलांडून लोकांशी बोललो.

कॅमेऱ्यांचा शौकीन एक तरुण आईच्या प्रिंटला नाक लावून उभा. बायकोला म्हणाला, "बघ, हा मीडियम फॉरमॅट. पैसे लागतात, पण फोनला हे जमणार नाही." शेजारी खुर्चीवर आई, इरकल नेसलेली. म्हणाली, "हौ, जमणार नाही." चेहरा साळसूद.

दि.ने माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकलो असतो. एका वाक्यात.

रिक्षात आई म्हणाली, "सगळ्यांच्या खाली लिहिलंस. माझ्याच खाली काही नाही."

लिहीन म्हटलं. काय लिहिणार ते तिने विचारलं नाही.

आईने दि.ला लगेच फोन केला: उद्या सकाळी तो फोटोखालच्या मजकुराचं कार्ड न्यायला येणार. मी उघडलं नाही, तरी दार आई उघडेल.