बाहेर पडले

गुरुवार, २ जानेवारी

नवीन वर्ष, नवीन शहर, नवीन नोकरी आणि नवीन वही. अजेयच्या बँकेने बदली केली आणि विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन आम्ही नवराबायको कोलकात्यात आलो, त्याला महिना झाला. डमडमच्या फ्लॅटमधले खोके उघडून झाले, शेजारच्या बाईंनी दोनदा माशाचं कालवण आणून दिलं, आणि मग मला घर खायला उठलं. मिरजेत आठ वर्षं फिजिओथेरपी केलेली बाई नुसता कुकर लावत किती दिवस बसणार? सोमवारपासून मी एका संस्थेतर्फे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचे व्यायाम करून घेणार. फार आनंद झालाय, उगाच कशाला लपवू.

आज दिवसभर सुरक्षिततेचे धडे. शिकवायला श्यामसुंदरबाबू. अंगात स्वेटर, त्यावर मफलर, डोक्याला माकडटोपी, आणि थंडी म्हणाल तर मिरजेतल्या दिवाळीएवढी. एकटीने परक्या घरात शिरताना काय सांभाळायचं ते त्यांनी हिंदी, इंग्रजी आणि बंगालीची खिचडी करून सांगितलं. दार दिसेल असं बसायचं. पेशंटच्या खोलीपलीकडे जायचं नाही. काही खायचं-प्यायचं नाही. पायातलं काढायचं नाही, कारण पळायची वेळ आली तर अनवाणी पळता येत नाही. त्यासाठी बुटांवर चढवायला प्लॅस्टिकची आवरणं दिली. आणि सगळ्यांत मोठा नियम दोन मेसेजचा. शिरताना एक, निघाल्यावर एक. तोच घरच्या माणसालाही. भाषा ज्याची त्याची, ते फक्त वेळ बघतात. निघाल्याचा मेसेज ठरल्या वेळी आला नाही तर फोन करतात, फोन उचलला नाही तर स्वतः येऊन दार वाजवतात.

मी हसू दाबलं. मिरजेत पेशंटच्या घरची कुत्री अंगावर घेतलेली बाई मी. पण माणूस तळमळीने सांगत होता, म्हणून सगळं लिहून घेतलं.

सोमवार, ६ जानेवारी

पहिली पेशंट, आणि काय योग! मराठी निघाली.

प्रेमलता दिघे, वय अठ्ठ्याहत्तर. जन्म इथलाच. यजमान गोदीत नोकरीला होते, ते जाऊन वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. चार महिन्यांपूर्वी झटका येऊन डावी बाजू गेली. स्वयंपाकाला सकाळी एक बाई येऊन जाते, बाकी दिवसभर एकट्या. खिदिरपूरला गोदीच्या भिंतीमागच्या गल्लीत बैठं घर आहे. लांबट बोळ, बोळाच्या तोंडाशी रस्त्यालगत काकूंची खोली, पलंगाशेजारी गज असलेली खिडकी. खिडकीतून समोरचा चहावाला दिसतो. बोळाच्या टोकाला आणखी एक खोली, तिचं दार लोटलेलं.

मी दारात पिशवीतून प्लॅस्टिक काढत होते, एवढ्यात आतून आवाज आला, ये गं बाई, चपला तिथेच काढ हं, आत देव आहेत. महिन्याभरात अजेय सोडून कोणाच्या तोंडून मराठी ऐकली नव्हती. डोळ्यांत पाणीच आलं. देव असलेल्या घरात मी पायताण घालून शिरले असते तर आईने मिरजेहून येऊन माझा कान धरला असता. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. नियमाचा मान म्हणून टोकं रस्त्याकडे ठेवली.

काकू गोड आहेत. हाताचे, पायाचे दहा-दहा व्यायाम, मी मराठीत मोजलं. बोळात भिंतीशी बायकी चपलांची रांग दिसली, सहा जोड. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या असतील. 'बाहेर पडले' असा मेसेज करून बारा वाजता निघाले.

बुधवार, ८ जानेवारी

आज दोन गमती. निघताना बघते तर माझ्या चपलांची टोकं घराकडे. गल्लीतलं कुत्रं असेल.

दुसरी म्हणजे, मी एक, दोन, तीन मोजत होते तेव्हा आतल्या खोलीतही कोणी माझ्यामागोमाग मोजत होतं. बाईचा आवाज, उच्चार बंगाली वळणाचे, अर्धा क्षण मागे. मी दहाला थांबले. आतलीने अकरा म्हटलं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, आमच्याच पोरी आहेत, शिकतायत. एकट्या राहतात ना या? म्हटलं, असेल स्वयंपाकवालीची कोणी.

शुक्रवार, १० जानेवारी

अजेयचा फोन आला तेव्हा मी काकूंचा गुडघा वाकवत होते. म्हणाला, पावणेबारालाच बाहेर पडलीस, मग चल, जेवायला भेटू. मी मेसेज केलाच नव्हता. मोबाइल पिशवीत, पिशवी खुर्चीवर. उघडून बघितलं तर ११.४५ला 'बाहेर पडले', श्यामसुंदरबाबूंना आणि अजेयला. बोट लागलं असेल? बोट लागून दोन शब्द नीट कसे उमटतील?

चपला आज उंबऱ्याच्या आत होत्या. कुत्रं चपला पळवतं, जोडी नीट लावून ठेवत नाही.

मी घाबरले नाही. चिडले आहे. कोणीतरी माझी चेष्टा करतंय आणि मला चेष्टा फक्त मी केलेली आवडते.

सोमवार, १३ जानेवारी

चपला बोळाच्या मध्यावर. मेसेज ११.३०ला गेला, मी घरात होते बारापर्यंत. म्हणजे त्या अर्ध्या तासात माझं काही झालं असतं तर जगाच्या हिशेबी मी रस्त्यावर होते. कोणी दार वाजवायला आलं नसतं.

बुधवार, १५ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू. नाही म्हणायला हवं होतं. पण एकटी म्हातारी बाई तिळगूळ पुढे करते तेव्हा कुठला नियम आठवतो? वडी खाल्ली. मग म्हणाल्या, कुंकू आत देवापाशी आहे, मी विधवा, मी लावत नाही. मी म्हटलं, काकू, हे मी मानत नाही, तुम्हीच लावा. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. आत जा, म्हणाल्या, पोरी लावतील.

दिवसाढवळ्या घाबरायचं काय, म्हणून गेले. लहानशी खोली, देव्हारा, निरांजन, कोणी नाही. करंड्याला हातही न लावता हात जोडले आणि सवयीने डोळे मिटले. कपाळावर बोट टेकलं. गार. उघडले तेव्हा खोली रिकामी, आणि भिंतीशी तीच सहा जोडांची रांग, बोळातून इथे आलेली. सातवा जोड माझा.

चपला हातात घेऊन धावले. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत बघितलं. कपाळावर हळद आणि कुंकू, दोन्ही.

गुरुवार, १६ जानेवारी

ऑफिसात जाऊन श्यामसुंदरबाबूंना विचारलं, माझ्याआधी तिथे कोण जायचं. अपर्णा, बराकपूरची. महिनाभर गेली आणि मग नोकरीच सोडली, न सांगता. काळजीचं कारण नाही, म्हणाले, शेवटच्या दिवशीही निघाल्याचा मेसेज वेळेवर आला होता. त्यांनी मोबाइल पुढे केला. अपर्णाचे सगळे मेसेज बंगालीत. शेवटचा एकच देवनागरीत.

'बाहेर पडले.'

त्यांना ते हिंदी वाटलं होतं. मी सांगितलं, हे मराठी आहे. अपर्णाला मराठी येत नव्हती. बाबूंनी माकडटोपी काढली आणि तिच्या आईचा नंबर शोधून दिला.

बराकपूरला तिच्या आईला फोन केला. दोन महिने झाले, मुलीचा पत्ता नाही. पोलिसांनी तो मेसेज बघून सांगितलं, घर सोडून स्वतःच कुठे तरी गेली. मी चपलांचं विचारलं. हिरव्या पट्ट्यांच्या, उजवा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला.

रांगेत पहिल्याच आहेत.

शुक्रवार, १७ जानेवारी

अजेय आणि मी पोलिसांत गेलो. एक शिपाई घर बघून आला. अपंग म्हातारी, देव, दुसरं काही नाही. चपला नाहीत. तिने त्याला तिळगूळ दिला.

बाबूंनी मला तिथून काढलं, पण तिथे कोणालाच पाठवू नका म्हटलं तर वरच्यांनी त्यांचं ऐकलं नाही. पेशंट सोडता येत नाही म्हणे. बुधवारपासून संस्थेतलीच सरलादी जाणार. पंचेचाळीस वर्षांची बाई, नवरा नाही, घरी दोन मुली. मी सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, बूट घालून देवाच्या घरात? छी छी.

मी काय केलं असतं? तेच केलं होतं.

शनिवार, १८ जानेवारी

अजेय म्हणतो, मिरजेला जा. जाणार नाही. मी गेले तर सरलादी जाईल, ती गेली की तिच्यामागून तिसरी. आणि अपर्णा तिथे बसून माझे आकडे मोजत राहील. चपला आत गेल्या की बाई अडकते, मग चपला बाहेर काढल्या की सुटायलाच हवी. त्या घराला मी भीक घालत नाही. भीती वाटते का? वाटते. तरी सोमवारी मी जाणार आणि सगळ्या चपला उंबऱ्याबाहेर आणणार, टोकं रस्त्याकडे करून. पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत, नाड्यांचे. अजेय चहावाल्यापाशी उभा राहील.

फोन खोटं बोलतो. म्हणून वही सोबत नेते आहे. माझं अक्षर तरी माझं आहे.

सोमवार, २० जानेवारी

११.०५. काकूंच्या खोलीत. नाड्यांना दुहेरी गाठ. अजेय समोर दिसतोय. त्याला बजावलंय, मेसेजवर विश्वास ठेवू नकोस, मी बूट घालून तुझ्यासमोर उभी राहीन तेव्हाच मी बाहेर.

११.१५. काकू बुटांकडे बघतायत. सरळ म्हटलं, अपर्णाला न्यायला आलेय. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तिला नीट बोलता येत नाही गं, नुसते आकडे येतात. तू आलीस तेव्हा वाटलं, आता घरात कोणी बोलेल.

११.२५. आतल्या खोलीत गेले. आज दिसल्या सगळ्या. हिरव्या आधी उचलल्या, बोळातून पळत जाऊन बाहेर ठेवल्या. आत सहाजणी मोजत होत्या. आता पाच आवाज.

११.३५. तीन जोड बाहेर. हात गारठलेत. तीन आवाज उरले.

११.४०. पाच. बोळ लांब झालाय का –

११.४५. सहावाही टाकला. उंबऱ्यापर्यंत गेले नाही, लांबून भिरकावला – पडला रस्त्यावर, बघितलं मी. आत आता कोणी मोजत नाही. काकू रडतायत. मला एकटीला टाकून चाललीस का, म्हणतात. वाईट वाटलं. खरंच वाटलं. तरी नाही. काकू, नाही म्हणजे नाही.

पाय गार लागले. खाली बघितलं. अनवाणी.

बूट आत भिंतीशी आहेत. गाठी तशाच – दुहेरी, बांधलेल्या.

उंबरा दिसतो. चालते आहे आणि तो येत नाही. काकूंच्या खिडकीपर्यंतच येता येतं.

फोन वाजला. मेसेज गेला. ११.५०. अजेयने मोबाइल बघितला. कप ठेवला. दाराकडे बघतोय – हाक मारली, ऐकू जात नाही त्याला –

वही गजांतून जाईल. टाकते. अजेय, हलू नकोस. तो मेसेज माझा नाही. सहाजणी सुटल्या, सरलादीला सांग, पायातलं काढू नको. मी बूट आणायला परत आत जातेय. माझे आहेत ते, मी सोडणार नाही. आतून कोणीतरी 'एक' म्हणालं. माझ्याच आवाजात. म्हणू दे. मी मोजणार नाही. मी अजून बाहेर पड