झाकणाच्या आतली बाजू

प्रिय विनी,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं आणि उत्तर द्यायला मे उजाडला. रागावू नकोस. हल्ली गुडघे धड नाहीत आणि एकदा बसलं की उठवत नाही. बेटावर बाकी सगळं ठीक. फेरीबोट सुरू झाली, मासे कमी आणि पाहुणे जास्त. भूर्जाची साल सुटायला अजून महिना आहे, पण यंदा सालीच्या बदल्यात झाडापाशी तंबाखू ठेवायला माझ्याच्यानं जाववेल असं वाटत नाही. मार्विनच्या मुलींना पाठवीन. आज लिहायला बसले ते तुझ्या-माझ्यातल्या एका डबीसाठी.

मागच्या आठवड्यात शहरातल्या म्युझियमनं बोलावलं होतं, सालीच्या डब्यांवर साळिंदराचे काटे ओवायचं आपलं काम लोकांसमोर करून दाखवायला. आपला चुलतभाऊ मार्विन गाडीनं घेऊन गेला. वाटेत रस्त्यावर साळिंदर मरून पडलेलं. एवढे सरळ, लांब काटे, सोडवेनात. मी चांगल्या कपड्यांत खाली उतरले. मार्विन म्हणाला, "ताई, तुला म्युझियमला जायचंय की मयताला?" गोधडीत गुंडाळून मागे टाकलं, आणि तो वास घेऊनच आम्ही त्या चकचकीत दारातून आत गेलो.

तिथल्या बाईंनी हातमोजे घालून एक खण उघडला. ओळीनं डब्या, बहुतेकींच्या चिठ्ठीवर 'कारागीर अज्ञात'. आपल्या आत्या-मावश्यांची कामं, विनी, मी ओळखत होते, पण नावं सांगता सांगता दमले. शेवटी एक डबी आली, झाकणावर काट्यांनी काढलेला लून, आपला पाणपक्षी, आणि चिठ्ठीवर माझं नाव. जुने टाके झिजून झाकणाचं अस्तर सुटलं होतं. आपण काटा वरून ओवतो, टोकं आत दुमडतो आणि वर सालीचं अस्तर लावून टाकतो. ती बाजू पुन्हा कुणाला दिसत नाही. माझी टोकं नेहमी डावीकडे दुमडलेली असतात. या डबीतली एकूण एक उजवीकडे होती.

आपल्या घरात डावखुरी तू एकटीच.

धक्क्यावर आई डब्या विकायला मांडून बसायची आणि तू तिच्यामागे काटे मऊ व्हायला तोंडात भिजवत, गाल फुगवून. मी सगळ्यांसमोर म्हणायचे, "हिचा पक्षी बघा, उलटा पोहतोय!" आईही हसायची. तू हसायची नाहीस. तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस आणि तुझे टाके माझ्यापेक्षा बारीक होते. मला ते दिसत होतं, म्हणून तर मी चिडवायचे. पुढे तू टोरांटोला शिवणकामाच्या कारखान्यात गेलीस आणि काट्यांना पुन्हा हात लावला नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरले की विनीला शहराचं वारं लागलं.

आईच्या शेवटच्या वर्षी म्युझियमचा एक माणूस फोटो घेऊन आला होता. आईला तेव्हा कालचं आज आठवत नव्हतं. तिनं फोटो पाहिला आणि म्हणाली, "सेलिनाची." मी ढवळायचा डाव हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. डबी कोणाची ते मला लांबूनच कळलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. झालं. एकोणीस वर्षं त्या हललेल्या मानेवर माझे वर्ग चालले, सत्कार झाले, पेपरात फोटो आला. प्रत्येक वेळी लोक त्या पक्ष्याबद्दलच विचारायचे, आणि मी सांगत राहायचे. फार थकले गं. कामानं नाही, या सांगण्यानं.

त्या दिवशी मी बाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्या हातात काटा देऊन दोन टाके घालायला लावले, टोकं ताडून पाहिली. माझी डावीकडेच गेली होती. आता चिठ्ठी बदलायला त्यांना तुझ्या तोंडचा शब्द हवा आहे. मंगळवारी त्या तुला फोन करतील. मी तुला ओळखते, तू म्हणशील, "जाऊ दे हो, ताईचीच असेल ती." यासाठीच हे पत्र. मला वाचवू नकोस, विनी. माझी लाज माझ्यापाशी राहू दे. तू फक्त फोन उचल आणि म्हण की ती डबी मी केली.

तुझीच,
सेलिना