मशीनचं नाव योगेश्वरी

अंबाजोगाई, मंगळवार, १० ऑक्टोबर २०००

आज सरांना तोंडावर बोलले आणि मला त्याचं काहीही वाटत नाहीये.

कॉलेजची वेबसाइट मी तीन महिने कॉम्प्युटर क्लासच्या मोठ्या मशीनवर बनवतेय. गुरुवारी प्राचार्य बघायला येणार, आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर त्यावरचा सर्व्हर, म्हणजे वेबसाइट दाखवणारा प्रोग्रॅम, चालूच होईना. स्क्रीनवर एक ओळ यायची आणि बंद. क्लासचे मालक म्हणजे सर म्हणाले, "मॅडम, तुमी टायपिंगच शिकवा. लातूरहून माणूस बोलावतो."

दोन दिवस मलाही वाटत होतं, माझंच काही चुकलं का? दुपारी ती ओळ वहीत उतरवली. या नावाचं मशीन सापडत नाही. कुठलं नाव? समोर मशीनच्या कॅबिनेटवर सरांनी दसऱ्याच्या पूजेत लावलेलं कुंकवाचं बोट दिसलं. विचारलं, त्या दिवशी मशीनमध्ये काही बदललं का?

"काय न्हाई. नुसतं नाव. 'मेन' हे काय नाव हाय का? योगेश्वरी ठेवलं."

सर्व्हर बिचारा जुन्याच नावाचं मशीन शोधत होता. आणि टायपिंगच्या लायकीची मी.

देवीचं नाव काढू देईनात. ठीक. सर्व्हरच्या फाइलमध्ये 'मेन'च्या जागी योगेश्वरी लिहिलं. लगेच चालू.

सरांनी हात जोडले. "बघा, देवीनं चालू केला."

"देवीनं नाही सर, मी केला."

सगळ्या क्लासनं ऐकलं. ऐकू दे. लातूरचा माणूस उद्या येणारच आहे म्हणे. चहा पाजीन, कीबोर्डला हात लावू देणार नाही.

कुंकवाचं बोट पुसलं नाही. फाइल कुणी उघडली ते देवीला माहीत आहे.