मलाच विरजण लावलंय

प्रिय आईस, खुर्चीतूनच वाकून नमस्कार.

पाठीच्या कण्याला मार लागल्यापासून लघवीत सारखे जंतू व्हायचे, ताप यायचा आणि प्रत्येक बेतावर विरजण पडायचं. आता डॉक्टरबाईंनी मलाच विरजण लावलंय! लघवीच्या नळीतून चांगले जंतू आत सोडतात. ते टिकले, तर वाईट जंतूंना जागाच उरणार नाही. टिकतीलच असं काही त्या म्हणत नाहीत. पण सध्या ताप नाही, खरंच नाही.

बाबांचा गुडघा काय म्हणतो?

विरजण लागेपर्यंत भांडं हलवू नये, असं तू बजावायचीस ना? म्हणून काल मी चाकाची खुर्ची मुंगीच्या पावलांनी चालवली. नर्सताई हसून म्हणाल्या, “अगं, पळव की!”

मग पळवली. पण वळणावर जरा जपूनच.

तुझं लाडकं,
दह्याचं भांडं