उजवीकडं सरकायचं शिकलो त्याची हकीकत

मु. कर्जत, वैशाख, शके १८१६

तीर्थरूप मामांच्या पायांशी भाचा धाकलूचा दंडवत. खालापुरात तुमची कंबर आता कशी हाय? आमी समदे खुशाल (माझं नाक सोडून).

इथं इंजिनशेडात मी राख उपसतो, हे तुमाला ठाऊकच. आमचे मकडीसाहेब (खरं नाव मॅकरेडी, पण जिभेवर बसत नाय) रविवारी चामड्याचे जाड हातमोजे घालून ठोसेबाजी खेळतात. फावडं धरण्यावरून त्यांनी ओळखलं की मी डावरा. (याच हातानं जेवलो म्हणून तुमी मला बदडलं होतं.) मग महिनाभर एकच शिकवणी: उजवा पाय पुढं, तो समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर, आणि उजवीकडं सरकत राहायचं, म्हणजे त्याच्या उजव्या हाताचा जोरकस ठोसा पोचत नाय. घरी सराव करताना बघून आमची बायजा म्हणाली, "आवो, गौरीचा फेर धरलाय जनू!"

पंधरा दिवसांमागं लोणावळ्याचे ड्रायव्हर हारीससाहेब आले, वखारीच्या दारासारखे रुंद. मकडीसाहेब मला म्हणाले, यांच्यापुढं तीन डाव उभा राहिलास, तर इंजिनावर कोळसा टाकायची कायमची नोकरी. मालधक्क्यावर दोर बांधून चौकोन केला.

पहिल्या डावात मी इतका सरकलो की हारीससाहेब माझ्यामागं फिरून लालबुंद झाले. दुसऱ्यात पाठीला दोर लागला, घाबरून डावीकडं गेलो, आणि नाकावर बसला! (आवाज पार नेरळला गेला म्हणतात. मला काय ऐकू आलं नाय.) मकडीसाहेब ओरडले, "दायना, गधा, दायना!" तिसऱ्यात पाय बाहेर टाकायला गेलो, तो थेट हारीससाहेबांच्या पायावर पडला. मामा, मोठ्या माणसाला पाय लागला! मी आपसूक वाकलो नमस्काराला. त्याच घडीला त्यांचा ठोसा माझ्या डोक्यावरून गेला, आणि ठोशामागून साहेबही माझ्या पाठीवरून दोराबाहेर, भाताच्या गोण्यांत. ते उठेपर्यंत घंटा झाली. मी उभाच होतो. रडू आलं, तेव्हा कळलं की त्या हातमोज्यांनी डोळे पुसता येत नायत.

मामींना नमस्कार.

तुमचा धाकलू

ता. क. 'धाकलूनं साहेबाला लोळवला' अशी बातमी तिकडं आली असंल. ती खोडू नका. माझा एकबी ठोसा कुणाला लागला नाय.

आनखी एक. मला नेमलंय ते हारीससाहेबांच्याच इंजिनावर. आठ दिवस झाले, घाट चढताना ते नुसतं माझ्याकडं बघतात, बोलत नायत. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला पेटलेली भट्टी. साहेबांना कोंबडी फार आवडते म्हणं. तुमच्याकडचे दोन चांगले कोंबडे ताबडतोब पाठवा. बायजाला मात्र कळू देऊ नका. तिला वाटतंय, साहेबच मला भितात.