पंपाखालचं भोक

१० मार्च १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांनी आपली मोटारसायकल मला दिली, हे तुला कुठून तरी कळलं असेलच. मीच आधी सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून घरी यायला मला बसने दोन तास लागतात, एवढंच कारण त्यांनी दिलं.

आता गंमत ऐक. आठवडाभरातच गाडी गळायला लागली. इंजिन गार ठेवणारं ते हिरवं कूलंट सकाळी फरशीवर सांडलेलं असतं. मी पाइपांच्या क्लिपा आवळल्या, पण पाइप कोरडे ठणठणीत. मग सगळं पुसून घेतलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि टपकतंय कुठून ते बघत बसले. कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या बुडाला काडेपेटीच्या काडीएवढं भोक आहे, तिथूनच थेंब पडतो. गंजून पडलं असावं. लोखंडाला लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवू का? तू अर्ध्या तासात काम उरकलं असतंस. माझे दोन रविवार गेले आणि एक नखही.

बाबा शेजारी स्टूल टाकून बसतात, पण पान्हा मलाच धरायला लावतात. भोकाचं विचारलं तर म्हणाले, पंपाच्या कारखान्यातला फिटर घरात असताना मला काय विचारतेस, दादाला लिही.

रागावला असशील तर पत्रातच काय ते बोल, अबोला नको. लोभ होता तसा राहू दे.

तुझी,
चिंगी

१४ मार्च १९९६

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

मोटारसायकलीचं मामीने कळवलं होतं. अगदी रंगवून लिहिलं होतं तिने.

रागावलो नाही. पोटात दुखतंय, खुशाल म्हण. बाराव्या वर्षापासून मी बाबांसाठी टॉर्च धरून उभा राहिलो. उजेड जरा हलला की टपली बसायची. पान्हा हातात यायला चार वर्षं गेली, आणि तेव्हाही स्टूल वगैरे कुणी टाकलं नव्हतं. तुला मात्र गाडी, पान्हा आणि वर बाबासुद्धा! लाडकं शेंडेफळ म्हणतात ते हेच. गेल्या वर्षी मी ती गाडी सहज मागितली होती. त्याला अजून वेळ आहे, असं मला सांगितलं त्यांनी.

भोकाचं म्हणशील तर बुजवून टाक. लांबी दाबून भर, रात्रभर वाळू दे, आणि चालव बिनधास्त.

बाबांना नमस्कार सांग. आठवण झालीच तर लिहीत जा.

तुझा,
दादा

१८ मार्च १९९६

चि. चिंगीस,
आशीर्वाद. घाईत लिहितोय.

लांबी भरली असशील तर आधी टोकरून काढ. गाडी सुरूही करू नकोस.

ते भोक गंजाचं नाही. पंप बनवतानाच पाडलेलं असतं. पाणी अडवणारं आतलं गोल सील झिजलं की पाणी तिथून बाहेर पडतं, म्हणजे मालकाला वेळेत कळतं. ते बुजवलं तर पाणी इंजिनच्या तेलात शिरणार, तेल दुधाळ होणार, आणि महिन्याभरात इंजिन जाम. नवं सील आण, इंजिन पुरतं गार झाल्यावर कूलंट काढ, पंप खोल. नवं सील बसवताना त्याच्या कडेवर सगळीकडून सारखं ठोक, मधे नको. चित्र मागे काढलंय.

हे मला गेल्या वेळीही ठाऊक होतं, चिंगे. रोज असे शंभर पंप माझ्या हाताखालून जातात. मला ती गाडी बंद पडलेली बघायची होती. म्हणजे बाबा म्हणाले असते, दादालाच द्यायला हवी होती. असा विचार करणाऱ्याला भाऊ म्हणायचं की नाही, ते तू ठरव. चार दिवस जेवण गोड लागलेलं नाही.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

दादा

२४ मार्च १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सील बदललं. भोक कोरडं आहे. चित्र छान होतं, तरी एक सील वाकडं ठोकून वाया घालवलंच.

शिव्या मनातल्या मनात देऊन झाल्या. खूप चिडले होते, अजूनही थोडी चिडलेलीच आहे.

पण हे ऐक. तुझं पहिलं पत्र सोमवारी आलं. बाबांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं, टॉर्चसकट सगळं. मग लांबी मळायला घेतली, तर त्यांनी गोळा माझ्या हातातून काढून घेतला. दादानेच लिहिलंय की, म्हटलं. ते म्हणाले, थांब, त्याचं आणखी एक पत्र येईल. त्या भोकाचं त्यांनीच तुला कधीकाळी शिकवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार गाडी झाकून ठेवली आणि मी बसने गेले. पोस्टमन यायच्या तासभर आधीपासून बाबा दारात बसायचे. शुक्रवारी तुझं पाकीट आलं. त्यांनी अक्षर ओळखलं, आणि मी वाचायच्या आतच डोळे पुसले.

गाडी मला मिळाली, दादा. पण बाबांनी माझी अशी वाट कधी पाहिली नाही. या वेळी पोटात माझ्या दुखलं.

ये एकदा. लोभ आहे, तो दोघांत वाटून घेऊ.

तुझी,
चिंगी